नियमित महाविद्यालय की मुक्त विद्यापीठ: निवड कशी करावी

बारावीचा निकाल लागल्यानंतर, किंवा नोकरी करता करता अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करण्याचा विचार मनात आल्यावर, बहुतेक घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: "मुक्तची पदवी चालते का?" या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पद्धतीच्या पदवीशी समकक्ष आहे, आणि सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीरपणे स्पष्ट केले. राज्यसेवेच्या परीक्षेला बसणाऱ्या अनेकांकडे मुक्त विद्यापीठाचीच पदवी असते. त्यामुळे पदवीच्या किमतीवर वाद घालत बसण्यापेक्षा एका वेगळ्या प्रश्नावर वेळ खर्च करावा: तीन वर्षे आपल्या अभ्यासाचे वेळापत्रक कोण सांभाळणार? नियमित महाविद्यालयात ते काम बरेचसे संस्था करते, दूरशिक्षणात ते संपूर्णपणे विद्यार्थ्यावर येते. पुढील तुलना याच मुद्द्याभोवती केली आहे. मात्र त्याआधी दोन गोष्टींची खातरजमा करून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याला हवा असलेला अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने शिकवण्यास परवानगी आहे का. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, वास्तुशास्त्र, विधी, कृषी आणि हॉटेल व्यवस्थापन या शाखांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. हा मुद्दा कागदी नाही. काही अभिमत विद्यापीठांनी 2001 नंतर परवानगीशिवाय पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांतील सुरुवातीच्या तुकड्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यानंतरच्या तुकड्यांच्या रद्द केल्या. तोवर त्या पदव्यांवर अनेकांनी नोकऱ्या आणि बढत्या मिळवल्या होत्या. तेव्हा "घरबसल्या इंजिनिअर व्हा" अशी जाहिरात दिसली, तर तिची चौकशी करण्याचेही कारण नाही. बी.एड. मधल्या गटात मोडते: दूरस्थ बी.एड. मुख्यतः सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा ज्यांनी आधी समोरासमोरच्या पद्धतीने शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केले आहे त्यांच्यासाठी आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या उमेदवाराने नियमित अध्यापक महाविद्यालयाचाच विचार करावा. विज्ञानाची पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येते, परंतु प्रात्यक्षिकांना केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते, आणि प्रयोगशाळा असलेले केंद्र गावापासून किती लांब आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

दुसरी गोष्ट मान्यतेची. येथे बहुतेकांची चूक होते ती "विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे" एवढ्यावर समाधान मानण्याची. दूरशिक्षणाची मान्यता संस्थेबरोबरच विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट सत्राला दिली जाते. म्हणून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन, ज्या वर्षी व ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा आहे त्याच सत्राच्या यादीत विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि त्या पानाची छापील प्रत जपून ठेवावी. 2024 पासून दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वी आयोगाचा डेब आयडी, म्हणजे त्याच दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक, काढणे बंधनकारक झाले आहे, आणि त्यासाठी श्रेयांकांची (क्रेडिट्सची) नोंद ठेवणाऱ्या श्रेयांक पेढीचा क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी, लागतो. कोणी "आयडीचे आम्ही बघतो, तुम्ही फक्त फी भरा" असे म्हणत असेल, तर तेथून उठून यावे. विद्यापीठाला आपले दूरस्थ अभ्यासक्रम खाजगी शिकवणीवर्गाच्या हवाली करून चालवता येत नाहीत, आणि राज्य विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राबाहेर अभ्यासकेंद्र उघडता येत नाही. त्यामुळे परराज्यातील एखाद्या विद्यापीठाचा फलक गावातल्या क्लासच्या दारावर लागलेला दिसला, तर तो फलकच पुरेसा इशारा समजावा.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्षात जे पर्याय येतात, त्यांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सर्वांत परिचित आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे त्यापूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. "ज्ञानगंगा घरोघरी" हे ब्रीद तेव्हापासूनचे आहे. 1985 च्या संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, हा दुसरा पर्याय; त्याची महाराष्ट्रातील विभागीय केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आहेत, तर गोव्यातील विद्यार्थ्यांना पणजीचे केंद्र जवळ पडते. मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले; आयडॉल म्हणून अनेकांच्या ओळखीचा झालेला तो विभाग आता दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र या नावाने चालतो. या संस्थांची तुलना करताना माध्यमाचा विचार आधी करावा, कारण दूरशिक्षणात पुस्तक हेच शिक्षक असते. नाशिकच्या विद्यापीठाचे कला व वाणिज्य शाखांचे साहित्य मराठीत आहे. इग्नूचे साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत आहे. वर्गात शिक्षक इंग्रजी पुस्तकातला उतारा मराठीत समजावून सांगू शकतात, पण रात्री दहा वाजता एकट्याने तोच उतारा वाचणाऱ्याला ती सोय नसते. इग्नूच्या केंद्रीय विद्यापीठ असण्याने दिपून जाऊन ज्या भाषेत आपण सलग दहा पाने वाचू शकत नाही ती निवडणे शहाणपणाचे नाही.

आता मुख्य मुद्दा, तासांचा. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास असे गणित धरले जाते. तीन वर्षांची पदवी साधारणपणे 120 ते 132 श्रेयांकांची असते. कमीत कमी आकडा धरला तरी वर्षाला 40 श्रेयांक, म्हणजे 1200 तास होतात, आणि वर्षाचे 50 आठवडे धरले तर दर आठवड्याला 24 तास. यांपैकी समंत्रकांच्या, म्हणजे अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांच्या, संपर्क सत्रांचे तास फार तर दहा टक्के असतात. उरलेले नव्वद टक्के तास विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात. नोकरी करणाऱ्याने रोज दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून चौदा तास दिले, तर हा हिशेब कसाबसा बसतो. लग्नसराई, सुगी, गणपती आणि घरातले आजारपण या आठवड्यांचे काय करायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. याउलट, नियमित महाविद्यालयात सत्रामागे 20 श्रेयांक असतील तर आठवड्याला साधारण तितकेच तास वर्गात जातात आणि बहुतेक विद्यापीठांत 75 टक्के उपस्थितीची अट असते. ती अट अनेकांना जाचक वाटते, पण तिचा खरा उपयोग हाच की अभ्यासाला बसायचे की नाही हा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही. पदवीसाठी किमान कालावधीच्या दुप्पट मुदत मिळते ही दूरशिक्षणातील सवलत म्हणून सांगितली जाते; इग्नूची तीन वर्षांची कला शाखेची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. ज्याला खरोखरच गरज आहे त्याच्यासाठी ही सवलत मोलाची आहे, परंतु चालढकल करणाऱ्यासाठी तीच मुदत म्हणजे "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्याची मुभा ठरते.

आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे अंदाजाने ठरवू नये. त्याची चाचणी घेता येते, आणि तीही फुकट. इग्नूचे अभ्याससाहित्य ईज्ञानकोश या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहे. आपल्याला घ्यायचा असलेला विषय तेथे शोधून त्यातील एक पूर्ण खंड निवडावा. मराठी माध्यमातून शिकायचे असल्यास नाशिकच्या विद्यापीठाचे पुस्तक एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याकडून मागून घ्यावे. तीन आठवडे, कोणालाही न विचारता, त्यातील प्रत्येक घटक वाचून त्याखालचे स्वयंचाचणीचे प्रश्न लिहून सोडवावेत आणि रोज किती तास बसलो याची वहीत नोंद ठेवावी. वहीतल्या तिसऱ्या आठवड्याच्या तासांची बेरीज चोवीसच्या जवळपास असेल, तर दूरशिक्षण झेपेल असे मानण्यास जागा आहे. ती दहाच्या खाली असेल, तर प्रवेश घेतल्यानंतर ती आपोआप वाढेल अशी आशा धरू नये. पहिल्या आठवड्यातला उत्साह मोजू नये, तिसरा आठवडा मोजावा.

महाविद्यालयाचीही अशीच पारख करावी लागते, कारण नियमित म्हणवणारे प्रत्येक महाविद्यालय नियमित चालतेच असे नाही. प्रवेशाच्या दिवसांत सर्वत्र गर्दी असते. त्याऐवजी सत्र चालू असताना, एखाद्या बुधवारी सकाळी अकरा वाजता जाऊन पाहावे. वर्गात मुले आहेत का, वेळापत्रकात लिहिलेला तास खरोखर होतो का, ग्रंथालयात बसायला जागा आणि प्रयोगशाळेत वापरातली उपकरणे आहेत का, पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले की कळते. ज्या महाविद्यालयात कोणी वर्गात बसत नाही आणि उपस्थिती शेवटी कागदावर भरली जाते, तेथे प्रवेश घेणे म्हणजे जास्त फी भरून दूरशिक्षण घेणे होय, तेही दूरशिक्षणाच्या पुस्तकांशिवाय.

चालणाऱ्या महाविद्यालयातून मात्र अशा काही गोष्टी मिळतात ज्या टपालाने येत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, वक्तृत्व आणि एकांकिकांच्या स्पर्धा, एखाद्या प्राध्यापकाने वर्गानंतर दिलेला अर्धा तास, आणि वेगळ्या जिल्ह्यातून, वेगळ्या घरातून आलेले मित्र या सगळ्यांची किंमत अठरा वर्षांच्या मुलामुलीला पस्तिशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणूनच, घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर बारावीनंतर लगेच दूरशिक्षणाकडे वळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. संसार, शेती किंवा नोकरी सांभाळणाऱ्यांसाठी हा निकष वेगळा आहे. त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ हा दुय्यम पर्याय नसून बहुतेकदा तोच योग्य पर्याय आहे.

परिस्थितीचा मुद्दा आला की पैशांचा हिशेब नीट मांडावा. दूरस्थ कला-वाणिज्य पदवीचे वार्षिक शुल्क काही हजारांत असते आणि महाविद्यालयाचे शुल्कही अनुदानित तुकडीत फार नसते. खरा फरक खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास यांत पडतो, आणि त्याहून मोठा फरक तीन वर्षे न मिळालेल्या पगारात. या चारही रकमा वहीत लिहाव्यात. त्यानंतर दुसऱ्या रकान्यात नियमित प्रवेशामुळे मिळणारी मदत लिहावी. वसतिगृह निर्वाह भत्त्याची पंजाबराव देशमुख योजना, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, शिष्यवृत्त्या आणि विद्यार्थ्यांचा एसटीचा सवलतीचा पास यांचा त्यात समावेश होतो. 2024-25 पासून आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात गेल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क भरावे लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे मुलीला "परवडत नाही" म्हणून घरी बसवून मुक्तचा अर्ज भरणारी घरे आजही आहेत. अनेक महाविद्यालयांत "कमवा आणि शिका" योजनाही चालते. उलट, यांपैकी बहुतेक लाभ दूरस्थ विद्यार्थ्याला मिळत नाहीत, आणि जे मिळू शकतात त्यांची माहिती अर्ज भरण्यापूर्वी विभागीय केंद्राकडून लेखी घ्यावी.

दूरशिक्षणाच्या परीक्षेबाबत एकच सूचना. तेथे गृहपाठाला किरकोळ समजू नये. इग्नूच्या पदवीत 30 टक्के गुण गृहपाठाचे असतात आणि ते मुदतीत सादर न केल्यास अभ्यासक्रम पूर्ण होत नाही. गृहपाठ स्वतःच्या हाताने लिहावा, जमा केल्याची पोच घ्यावी आणि प्रत जवळ ठेवावी. जून आणि डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षांच्या तारखा आपल्या नोकरीतील किंवा स्पर्धा परीक्षेच्या तारखांशी भिडतात का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच पाहावे.

दोन्हींपैकी एकच निवडावे लागते असेही आता राहिलेले नाही. आयोगाने एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली, त्यामुळे एक पदवी महाविद्यालयात आणि दुसरी दूरस्थ पद्धतीने घेता येते, पीएच.डी.ला ही मुभा लागू नाही. अभियांत्रिकी शिकताना मुक्त विद्यापीठातून मराठी किंवा इतिहास घेणाऱ्याला ती उपयोगी आहे, परंतु वर दिलेला चोवीस तासांचा हिशेब तेथेही माफ होत नाही. अशा विद्यार्थ्याने दुसऱ्या पदवीऐवजी आधी एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेऊन पाहावा.

आज दूरशिक्षण निवडले म्हणून पुढे विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवता येणार नाही असे नाही. मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरला नियमित एम.ए., एम.कॉम. करता येते. त्या वेळी नवे विद्यापीठ पात्रता तपासते आणि जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र मागते. ते मिळायला वेळ लागतो, आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या मुदती कमी असतात. म्हणून अंतिम वर्षाचा निकाल हाती येताच, पुढे शिकायचे नक्की झालेले नसले तरी, गुणपत्रकांबरोबरच त्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करून ठेवावा.