गावातील जुन्या शाळेचा इतिहास कसा लिहावा

आरंभ शाळेच्या जनरल रजिस्टरपासून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या व शाळा सोडल्याच्या नोंदवहीपासून, करावा. त्याच्या पहिल्या पानावरील प्रवेशाची तारीख ही स्थापनेची तारीख असेलच असे नाही, कारण जीर्ण रजिस्टर पुन्हा उतरवून काढण्याची पद्धत होती. म्हणून शेरेबुकातील तपासनीसांच्या नोंदींशी ती ताडून पाहावी. पश्चिम महाराष्ट्रातील जुने कागद अनेकदा मोडीत सापडतात, तर मराठवाड्यात निजाम राजवटीतील कागद उर्दूतही असतात. तेव्हा वाचणारा जाणकार आधीच गाठून ठेवावा.

रजिस्टर मात्र सावकाश वाचावे. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द ओळीमागून ओळ येतात, आणि त्या नोंदींच्या तारखा सुगीशी जुळतात का हे पाहिले की गावाचे अर्थकारण उलगडू लागते. पहिली मुलगी कधी दाखल झाली, दलित वस्तीतील पहिले नाव कोणत्या वर्षी आले, हे मला इमारतीच्या कोनशिलेपेक्षा मोलाचे वाटते.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यापूर्वीची कागदपत्रे स्कूल बोर्डाच्या, म्हणजे तेव्हा प्राथमिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, दप्तरात आणि पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई येथील पुराभिलेखागारात शोधावीत. इमारतीचे मोजमाप व छायाचित्रे दुरुस्तीपूर्वीच घ्यावीत. शाळा पूर्वी देवळात किंवा चावडीत भरत असल्यास ती जागा वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांसोबत प्रत्यक्ष पाहावी आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे.