एक टेकडी निवडा: निसर्गावर काम करू पाहणाऱ्या नव्या चित्रकारांसाठी

पुण्यात चित्रकला शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या स्केचबुकात पहिल्या वर्षाच्या अखेरीस तीच ठिकाणे आढळतात: पर्वतीच्या पायऱ्या, ओंकारेश्वराचा परिसर, पाताळेश्वराचा वर्तुळाकार नंदीमंडप, लकडी पुलाजवळची मुठा आणि वर्गाच्या सहलीत रंगवलेले वाई-मेणवलीचे घाट. यात वावगे काही नाही, कारण या जागांची रचना आधीच्या चित्रकारांनी इतक्या वेळा सोडवून ठेवली आहे की नवख्या हाताला तेथे छायाप्रकाश, अंतर आणि वॉशचे, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर देण्याचे, तंत्र यांवरच लक्ष देता येते. अडचण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. ज्युरीला, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाला, आलेले परीक्षक ‘लँडस्केप उत्तम आहे, पण यात तुमचे काय?’ असे विचारतात आणि विद्यार्थी गोंधळून एकदम अमूर्ताकडे वळतो किंवा निसर्ग हा विषयच जुनाट ठरवून सोडून देतो. पुण्यात शिकून, पुढे येथेच काम करताना आणि शिकवताना माझे मत असे झाले आहे की या प्रश्नाचे उत्तर शैलीत शोधण्याआधी जागेच्या माहितीत शोधावे. समोर दिसणारे झाड कोणते, ते तेथे कोणी लावले, खालचा दगड कसा तयार झाला, पाणी कोठून येते, हे कळू लागले की काय रंगवायचे आणि मुळात रंगवायचे की दुसरे काही करायचे, याचा निर्णय सोपा होतो.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगते. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) अभ्यासक्रमासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएएच-एएसी-सीईटी, द्यावी लागते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना तिच्यातील वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हे प्रकार ओळखीचे असतात. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाचे ललित कला महाविद्यालय ही माहितीतली नावे आहेत. निसर्गावर काम करायचे आहे म्हणून स्मरणचित्राचा सराव मात्र मागे पडू देऊ नका, कारण ढग, पाखरे आणि पावसाची सर कोणासाठीही थांबत नाहीत, आणि बाहेर काढलेल्या चित्राचा बराचसा भाग प्रत्यक्षात स्मरणावरच पूर्ण होतो.

जागा निवडताना माझा निकष एकच असतो: घरापासून किंवा वसतिगृहापासून ती इतकी जवळ असावी की फारशी तयारी न करता तेथे जाता यावे. कासचे पठार आणि भिगवणचे रोहित पक्षी पाहायला जरूर जावे, पण वर्षातून एकदा पाहिलेल्या जागेचे चित्र पर्यटकाच्या छायाचित्रापलीकडे क्वचितच जाते. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, पाषाण तलाव, मुठेचा एखादा काठ, यांपैकी काहीही चालेल. एकच जागा किमान एक पूर्ण वर्ष धरून ठेवावी, म्हणजे तिचे चारही महिन्यांचे पावसाळी रूप, नंतरचे गवत आणि उन्हाळ्यातली राख, सगळे एकाच नजरेखालून जाते.

वेताळ टेकडीचे उदाहरण घेते, कारण माझे स्वतःचे बरेचसे काम तेथले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा शहरातला सर्वांत उंच भाग. खालचा दगड बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. पाताळेश्वराचे लेणे ज्या दगडात कोरले आहे तोच हा दगड. नवखे विद्यार्थी तो सरसकट काळा रंगवतात. कोरड्या बेसाल्टवर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून येणारा करडा रंग, त्यावर शेवाळ्यासारख्या दगडफुलांचे फिके ठिपके आणि लोह गंजल्यामुळे आलेल्या तांबूस कडा दिसतात. पावसात भिजल्यावरच तो खरोखर काळा होतो. टेकडीवरच्या जुन्या खाणीत हे थर उभे कापलेले आहेत. शहराच्या इमारतींना लागणारा दगड अशा खाणींतून निघाला, हे लक्षात आले की खाणीचे पाणी हा केवळ प्रतिबिंबाचा विषय राहत नाही. समोरचे शहर आणि पायाखालचा खड्डा ही एकाच चित्राची दोन अंगे होतात, आणि रचना करताना क्षितिज कोठे ठेवायचे हा प्रश्न वेगळ्याच गंभीरपणे समोर येतो.

झाडांचेही तसेच. फेब्रुवारीच्या आसपास टेकडीच्या उतारांवर पानगळ झालेल्या झाडांना फिकट गुलाबी तुरे येतात आणि प्रत्येक जण ते रंगवायला धावतो. ते गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मूळचे मध्य अमेरिकेतले. झटपट वाढते म्हणून ते वनीकरणात मोठ्या प्रमाणावर लावले गेले, आणि त्याच्या दाटीत देशी झाडे मागे पडतात असा निसर्ग अभ्यासकांचा आक्षेप आहे. त्याच काळात थोडे शोधले तर निष्पर्ण फांदीवर पिवळीधमक फुले मिरवणारा गणेर, लाल पांगारा, कागदासारखी साल सुटणारी साळई अशी मूळची मंडळीही भेटतात. हे समजल्यावर गुलाबी उतार रंगवू नये असे मी म्हणत नाही. पण गणेराचे एकटे झाड आणि त्याभोवतीची गुलाबी गर्दी यांच्यात जो ताण आहे तो माहिती असणाऱ्यालाच दिसतो, आणि चित्रात जागा कोणाला किती द्यायची हे तो ताण ठरवतो. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्षभर फक्त साळईच्या सालीचे छापे घेतले. रंगाचा थेंबही न वापरता केलेल्या त्या मालिकेत टेकडी इतकी स्पष्ट होती की परीक्षकांना जागेचे नाव वाचावे लागले नाही.

नदीच्या बाबतीत ही गोष्ट अधिक टोकाची आहे. उन्हाळ्यात मुळा-मुठेच्या पात्रावर पसरणारी जलपर्णी चित्रात अतिशय सुंदर दिसते: सपाट, ताजा, चमकदार हिरवा पट्टा आणि मधूनच जांभळट फुले. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर पोसली जाते, म्हणजे हिरवा रंग जितका दाट तितके पाणी घाण. हे ठाऊक नसताना काढलेले चित्र खोटे ठरत नाही, मात्र ते जाणून घेतल्यानंतरचे चित्र त्या हिरव्या रंगाला पूर्वीसारखे निरागस ठेवू शकत नाही. कोणी त्यात करड्याची मिसळ करेल, कोणी पात्राचा आडवा छेद काढेल, कोणी वाळवलेल्या जलपर्णीपासून हातकागद बनवून त्यावरच काम करेल. शेवटचा पर्याय अनेकांना आकर्षक वाटतो. माझे मत विचाराल तर कागद बनवणे हे अर्धेच काम आहे. त्या कागदावर काय आणि का, याचे उत्तर नसेल तर ती हस्तकला राहते.

माध्यम अशा रीतीने जागेतून ठरले याची उदाहरणे जगभर आहेत. अमेरिकन कलाकार रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी बांधलेली ‘स्पायरल जेट्टी’ ही सुमारे ४५० मीटर लांबीची सर्पिलाकार वाट काळ्या बेसाल्टच्या दगडांची आहे. आपल्या टेकड्यांचा आणि तिचा दगड एकाच जातीचा आहे हे कळल्यावर विद्यार्थी ती कलाकृती नव्याने पाहतात, असा माझा अनुभव आहे. तळ्याची पातळी वाढून ती अनेक वर्षे पाण्याखाली गेली आणि पुढे दुष्काळी वर्षांत पुन्हा वर आली, म्हणजे तळ्याची पातळी हाही त्या कामाचा भाग झाला. ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांनी १९६७ मध्ये गवतात एकाच रेषेत मागेपुढे चालून उमटलेल्या वाटेचे छायाचित्र घेतले, इतकेच त्यांचे काम. टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्यांनी पाडलेल्या पायवाटा पाहताना मला ते हटकून आठवते.

पण एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. आबालाल रहमान यांनी मुंबईत शिक्षण घेऊन कोल्हापूर गाठले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा याच पाण्याकडे ते पुनःपुन्हा वळत राहिले. १९३१ मध्ये निधन पावलेल्या या चित्रकाराची पाण्यावरच्या प्रकाशाची समज मला आजही शिकवण्याच्या कामी येते. सैयद हैदर रझा यांचे बालपण मध्य प्रदेशातील मंडला भागातल्या जंगलात गेले, वडील वनखात्यात होते. नागपूर आणि मुंबईत शिकताना जलरंगातली निसर्गचित्रे करणारे रझा पुढे बिंदू आणि त्रिकोणांपर्यंत पोहोचले, तरी पृथ्वी, पाणी, रात्रीचे अरण्य हे विषय सुटले नाहीत. पुण्यात जन्मलेले आणि येथल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झालेले सुधीर पटवर्धन यांनी ठाणे-मुंबईच्या चाळी, रूळ आणि गिरण्यांचा परिसर ज्या गांभीर्याने रंगवला, ते पाहिल्यावर शहराचा भूप्रदेश हाही भूप्रदेशच असतो याविषयी शंका उरत नाही. टेकडीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या इमारती चित्रातून वगळण्याची जी सवय आपल्याला शाळेपासून लागते, ती सोडण्यासाठी त्यांची चित्रे पाहावीत.

आता साहित्याविषयी. येथला उन्हाळा अतिशय कोरडा असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये जलरंगाचा वॉश ब्रश उचलेपर्यंत वाळतो. कागद मागूनही ओला करून घ्यावा, सुती धाग्याचा ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद वापरावा आणि सकाळी नऊच्या आत काम आटोपावे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, सावल्या पायाशी गोळा होतात आणि सगळे दृश्य सपाट होते. डिसेंबरात मात्र तो माध्यान्हीलाही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दगडांची घडण दिवसभर वाचता येते आणि नवख्यांनी सुरुवात त्याच दिवसांत करावी. पावसाळ्यात वॉश वाळत नाही आणि कागदाला बुरशी धरते. त्या महिन्यांत कोळसा, कॉन्टे (खडूसारखी कठीण कांडी) किंवा ऑइल पेस्टल बरे, आणि पूर्ण झालेली कामे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवावीत.

जागेतलेच रंग वापरण्याची हौस हल्ली बरीच दिसते. तिच्यामागची जिज्ञासा चांगली आहे, पण टिकाऊपणाचा विचार आधी व्हावा. हळदीचा पिवळा आणि पळसफुलांचा केशरी प्रकाशात लवकर उडतो. लोहाचे प्रमाण असलेली गेरूसारखी माती मात्र वर्षानुवर्षे टिकते, आणि घाटरस्त्यांच्या कापलेल्या कड्यांत लाव्हाच्या दोन थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टाही तिच्यातलाच. हिरड्याच्या काढ्यात गंजलेले लोखंड ठेवले की दाट काळी शाई मिळते, पण आम्लतेमुळे ती कालांतराने कागद खाते. म्हणून कोणताही घरगुती रंग चित्रात वापरण्यापूर्वी त्याची पट्टी रंगवून अर्धी काळ्या कागदाने झाकावी आणि काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावी. वनखात्याच्या हद्दीतून माती, दगड, साल काहीही उचलू नये. ते कायद्याने मना आहे, आणि सालीचे छापे झाडावर कागद ठेवून पेन्सिल घासूनही घेता येतात.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. पाषाण, खडकवासला, खडकी या भागांत संरक्षण खात्याच्या संस्था आहेत. त्यांच्या कुंपणाजवळ स्केचबुक किंवा कॅमेरा घेऊन बसू नये, विनाकारण चौकशीला तोंड द्यावे लागते. आणि मुलींनी टेकडीवर, विशेषतः संध्याकाळी, एकटीने थांबू नये. हे सांगायला मलाही आवडत नाही, पण दोघी-तिघींनी मिळून जावे आणि आपापल्या दगडावर बसून काम करावे.

उपजीविकेचा प्रश्न पालक पहिल्या दिवशी विचारतात, म्हणून तोही टाळत नाही. केवळ निसर्गविषयक कामाच्या विक्रीवर सुरुवातीची वर्षे निघत नाहीत. बहुतेक जण शिकवण्या, पुस्तकांची चित्रे किंवा शाळेतली नोकरी करतात, आणि शाळेतल्या कलाशिक्षकासाठी एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) ही पदविका उपयोगी पडते. दाखवण्याच्या जागा मात्र पुण्यात आहेत: बालगंधर्व कलादालन, घोले रोडवरचे राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेतले सुदर्शन कलादालन. एकट्याने भाडे आणि फ्रेमिंग पेलत नसेल तर तिघा-चौघांनी एकत्र प्रदर्शन करावे, फक्त विषय एकच जागा असावी. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो, मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन आहे, आणि मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) किंवा प्रयोगशील काम करणाऱ्यांनी कोचीच्या स्टुडंट्स बिएनाले या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाकडे लक्ष ठेवावे.

अशा ठिकाणी पाठवायच्या पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संचात, वेगवेगळ्या गावांची वीस सुंदर चित्रे ठेवण्यापेक्षा एकाच जागेची दहा-बारा कामे कालक्रमाने लावावीत आणि त्यांच्यामध्ये स्केचबुकाची काही पाने, त्यावरच्या नोंदींसह, जशीच्या तशी ठेवावीत. प्रत्येक कामाखाली ठिकाण, महिना आणि साहित्य लिहावे. स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाविषयीच्या लेखी निवेदनात, ‘निसर्गाशी माझे नाते’ यासारखी वाक्ये परीक्षकांनी शेकड्याने वाचलेली असतात. त्याऐवजी त्या जागेविषयी तुम्हाला काय नव्याने समजले आणि त्यामुळे कामात कोणता बदल झाला, एवढेच एका पानात मांडावे, आणि ते पान पाठवण्यापूर्वी चित्रकलेशी संबंध नसलेल्या, पण ती टेकडी रोज चढणाऱ्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावे. झाडाचे नाव चुकले असेल तर तो लगेच सांगतो.