बॉक्साइटचा परवाना चालू की संपलेला? सड्यावरच्या गावांनी कागद असा तपासावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठारांवर, बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे परवाना आहे, संमतीपत्रावर सही करा’ म्हणत माणसं गावात येतात. त्यांचा कागद बनावट असेलच असं नाही, पण अस्सल कागदही कायद्याने कधीच संपलेला असू शकतो. तेव्हा शिक्का बघण्याआधी तारखा बघा.

पहिल्यांदा कागदावरचं नाव वाचा. पूर्वेक्षण परवाना म्हणजे शोधापुरता हक्क. खाणपट्टा म्हणजे खनिज काढून नेण्याचा हक्क. पहिल्याच्या जोरावर ट्रक भरता येत नाहीत. खाण कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने ‘समन्वेषण परवाना’ हा नवा प्रकार आणला, पण तो तांबं, सोनं, लिथियम अशा 29 खनिजांसाठी आहे आणि त्या यादीत बॉक्साइट नाही. बॉक्साइटसाठी कोणी समन्वेषण परवाना दाखवला तर पुढे वाचायची गरजच नाही.

खनिजाचं नावही नीट बघा. जांभा 10 फेब्रुवारी 2015 पासून गौण खनिज आहे, बॉक्साइट मुख्य खनिज, म्हणजे दोन्हींचे परवाने वेगळे. सड्यावर दोन्ही एकमेकांना चिकटून सापडतात, आणि गोंधळ इथेच घातला जातो. जांभ्याच्या परवान्यावर बॉक्साइट उचलणं बेकायदा आहे.

आता तारखा. 12 जानेवारी 2015 ही मधली रेघ समजा. त्या दिवसापासून खाण व खनिज अधिनियम, 1957 बदलला आणि खासगी कंपनीला बॉक्साइटचा नवा हक्क लिलावातूनच मिळू लागला. त्याआधीचे नुसते प्रलंबित अर्ज कलम 10अ(1) खाली अपात्र ठरले, थोडे अपवाद सोडून. ‘आमचा 2011 चा अर्ज अजून विचाराधीन आहे’ याला म्हणूनच किंमत नाही.

खरी गुंतागुंत आहे ती 2015 आधी पूर्वेक्षण परवाना मिळालेल्यांची. कलम 10अ(2)(ब) ने त्यांना पुढे खाणपट्टा मागण्याचा हक्क राखून ठेवला होता. अट अशी की शोधकाम करून खनिज असल्याचं सिद्ध केलेलं असावं, अटींचा भंग झालेला नसावा आणि परवाना संपल्यावर तीन महिन्यांत, किंवा वाढवून मिळालेल्या मुदतीत, अर्ज केलेला असावा. या वाक्यावर वर्षानुवर्षं वाद चालले. अखेर 28 मार्च 2021 च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणांसह हा हक्कच संपवला आणि बदल्यात शोधकामाच्या खर्चाची भरपाई ठेवली. म्हणजे अशा धारकाचं मागणं आता पैशाचं आहे, तुमच्या जमिनीचं नाही. यावर कोर्टाची स्थगिती आहे असं तो म्हणाला तर आदेशाची प्रमाणित प्रत मागा. वकिलाचं पत्र म्हणजे आदेश नव्हे.

जुन्या परवान्यात आणखी दोन गोष्टी तपासा. तेव्हा बॉक्साइटला केंद्राची पूर्वमान्यता लागत असे. ती नसेल तर मुळातच खोट. दुसरं, मंजुरी आदेश निघाला म्हणजे परवाना झाला असं नव्हतं. 90 दिवसांत करारनामा व्हावा लागे आणि मुदत करारनाम्याच्या तारखेपासून मोजली जाई. नूतनीकरण धरून ती पाच वर्षांपलीकडे जात नसे. हिशेब वहीत मांडा, दहा मिनिटांत निकाल लागतो.

कागद ते दाखवत नसतील तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेकडे माहितीचा अधिकार अर्ज करा. जोडपत्र ‘अ’ वर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांत बसवा. मागायचं ते इतकंच: मंजुरी आदेश, करारनामा, केंद्राची मान्यता, गट नंबरांसह नकाशा आणि परवान्याची सद्यस्थिती. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

तोवर सातबारा काढून ‘इतर हक्क’ वाचा. जमीन गायरान असेल तर शेजारच्या शेतकऱ्याच्या सहीला अर्थ नाही. देवस्थान इनाम असेल तर पुजाऱ्याच्या सहीलाही नाही. वन असेल तर 1980 च्या वन कायद्याखालची मंजुरी वेगळी लागते. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत तर खाणकामच चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2023 रोजी स्पष्ट केलं आहे. केंद्राच्या पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आपलं गाव आहे का तेही पाहा. 31 जुलै 2024 चा मसुदा सहावा होता. त्याआधीचे मसुदे अंतिम न होताच गेले, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

सड्यावर बोअर मारणारं पथक दिसलं की लगेच भांडायला जाऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि केंद्राने अधिसूचित केलेल्या संस्थांना शोधकामासाठी परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि कामाचा आदेश मागा. खासगी धारकाचा परवाना चालू असला तरी घराला लागून असलेल्या कुंपणाच्या परड्यात तुमच्या संमतीशिवाय शिरायचं तर त्याने सात दिवस आधी लेखी नोटीस द्यायला हवी, आणि नुकसान झालं तर भरपाईही.

परवाना संपलेला निघाला तर तहसीलदार आणि खनिकर्म अधिकारी दोघांनाही लेखी तक्रार द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. विनापरवाना शोध किंवा उत्खनन केल्यास खाण व खनिज अधिनियमाच्या कलम 21 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाद मिळाली नाही तर रिट याचिकेसाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच बसतं.