जुन्या रिलीजमध्ये चालत होतं, नव्यात मोडलं: नेमका कमिट गिटनं कसा शोधायचा

समजा बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, २.३ मध्ये बिलाची बेरीज बरोबर यायची आणि २.४ मध्ये राउंडिंग चुकून एक पैसा कमी येतोय, मधे हजारभर कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) पडलेत. ते एकेक उघडून वाचत बसू नका, अंदाजाने कुणावर संशयही घेऊ नका, सरळ गिट बायसेक्ट लावा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची ही शोधायची कमांड. उरलेल्यातला मधला कमिट तो काढून देतो, आपण फक्त चांगला की वाईट सांगायचं, की निम्मे बाद, म्हणजे हजार कमिट १० एक फेऱ्यांत उरकतात. लिनक्स कर्नलच्या दोन रिलीजमधे १०,००० च्या वर कमिट असतात, तिथलेही लोक हेच वापरतात, १४ एक फेऱ्या लागतात बस.

आधी दोन्ही टोकं स्वतः चालवून बघा. २.३ चा टॅग (त्या रिलीजच्या कमिटला दिलेलं नाव) चेकआउट करा, म्हणजे कोड तेव्हाच्या स्थितीत आणा, आणि आजच्या मशीनवर बेरीज खरंच बरोबर येते का ते तपासा, कारण बऱ्याचदा मधल्या काळात एखादी लायब्ररी अपडेट झालेली असते आणि जुनं रिलीजही आता चुकतं, मग तुमच्या कोडमध्ये कितीही शोधा, हाती काही लागणार नाही.

मग छोटी स्क्रिप्ट लिहा, ठरलेलं एक बिल आणि त्याची ठरलेली बेरीज, पण ती रेपोच्या (गिट सांभाळतो त्या कोडच्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा!! आज कमिट केलेली टेस्ट जुन्या कमिटवर गेल्यावर तिथे नसतेच. बेरीज जुळली तर एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा) ०, चुकली तर १, आणि बिल्डच झाला नाही, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअरच तयार झालं नाही, तर १२५. हा १२५ फार महत्त्वाचा, त्यावर गिट तो कमिट वगळून पुढे जातो, नाहीतर बिल्ड फेल झालेला बिचारा कमिट वाईट धरला जातो आणि शेवटी भलत्याच बदलावर आळ येतो.

आता चालू काम स्टॅश करा (तात्पुरतं बाजूला ठेवा), गिट बायसेक्ट स्टार्ट द्या, २.४ ला बॅड आणि २.३ ला गुड सांगा, मग गिट बायसेक्ट रन आणि पुढे स्क्रिप्टचा पाथ. शेवटी पहिला वाईट कमिट समोर येतो. गिट बायसेक्ट रिसेट देऊन मूळ जागी परतायच्या आधी बायसेक्ट लॉग (फेऱ्यांची नोंद) सेव्ह करून घ्या, रिसेटनंतर तो जातो.

सापडलेला कमिट २.४ वर रिव्हर्ट करून (त्यातला बदल उलटवून) स्क्रिप्ट पुन्हा चालवा, बेरीज जुळली तरच तो दोषी. एकाच कमिटमध्ये चाळीस फाइली बदललेल्या असतील तर मात्र पुढचं शोधकाम हातानेच करावं लागतं, म्हणून टीमला कमिट छोटे ठेवायला सांगाच. आणि तीच स्क्रिप्ट आता रेपोत टेस्ट म्हणून टाका, सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) जोडा, म्हणजे २.५ चा टॅग पडायच्या आधी ती आपोआप चालेल.