मणक्याच्या दुखापतीनंतरच्या गोळ्या: उन्हाळ्यात काय सांभाळायचं

मणक्याला मार लागल्यावर लघवी गळू नये म्हणून बऱ्याचदा ऑक्सिब्युटिनिन देतात. या गोळीनं घाम कमी होतो, आणि दुखापतीच्या खालच्या अंगाला आधीच घाम नीट येत नसतो. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पत्र्याच्या घरात असा पेशंट बघता बघता तापतो. कातडी गरम अन् कोरडी लागली की आधी थर्मामीटर लावा. मग मानेवर, काखेत, जांघेत ओलं फडकं ठेवून पंखा सोडा. बर्फ थेट लावू नका. संवेदना नसलेल्या कातडीला इजा झालेली कळत नाही. ताप उतरत नसेल किंवा पेशंट बरळत असेल तर लगेच दवाखाना गाठा. लघवीच्या इन्फेक्शननंही ताप येतो.

पायांचा ताठरपणा कमी करायला देतात त्या बॅक्लोफेन गोळीनं झोप येते म्हणून घरचे ती परस्पर बंद करतात. हे फार घातक आहे: पाय ताठरतात, भास होतात, झटकेही येतात. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. गावच्या मेडिकलात ती मिळेलच असं नाही, म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची पाकिटं मागवा.

नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगॅबालिननं पावलं सुजतात, पण सहसा दोन्ही. एकच पोटरी सुजली तर गुडघ्याखाली एकाच अंतरावर दोन्ही पाय टेपनं मोजा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे रक्ताच्या गुठळीची शंका. फरक कमी असला तरी त्याच दिवशी दाखवा. पोटरी अजिबात चोळू नका.