हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर घरी येताना करायची तयारी

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की निघायच्या आधी प्रत्येक गोळी कशासाठी, कधी आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारून कार्डावरच पेनाने लिहून घ्या. बाकी सगळं नंतर. दोन-तीन महिन्यांनी बरं वाटू लागतं, ‘आता कशाला एवढ्या गोळ्या’ असं मनात येतं आणि तिथेच घात होतो. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) बसवला असेल तर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा म्हणून त्या थांबवायच्या असल्या तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती गोळीही थांबवू नका, तो नॉर्मल आलाय तो बहुतेक त्या गोळीमुळेच. सात वारांची गोळ्यांची डबी आणा आणि कालचा कप्पा रिकामा झालाय का, हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज बघा. अंगदुखीसाठी मनाने पेनकिलर नको, त्यातल्या बऱ्याच हृदयाला घातक असतात.

सिगारेट, तंबाखू घरातून आधीच बाहेर काढा. ‘दिवसाला एखादी’ हीसुद्धा जास्तच.

बीपीचं मशीन आणि एक वही घ्या. पाच मिनिटं शांत बसून मोजा, आकडा लिहा. बहुतेकांना १३०/८० च्या खाली आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या, बऱ्याचदा ५५ च्याही खाली ठेवायला सांगतात, तुमचे आकडे विचारून घ्या. मीठ दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. चालणं पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. चालताना बोलता आलं पाहिजे. भीती वाटते, झोप लागत नाही, रडू येतं, हेही डॉक्टरांना सांगायचंच असतं.

छातीत दुखलं तर घ्यायची जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर तिची जागा सगळ्यांना माहीत हवी. ती बसूनच घ्यायची, कारण बीपी एकदम उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. दुखणं छातीतच असेल असं नाही. जबडा, डावा हात, पाठ, नुसता घाम आणि धाप, मधुमेह असेल तर कधी एवढंच. डिस्चार्ज कार्डाचा आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा.