कॅमेऱ्याची बॅटरी भराभर उतरते? या चुका टाळा

नवे सेल घातले, पंधरा-वीस फोटो झाले आणि स्क्रीनवर लाल बॅटरी लुकलुकायला लागली, की सगळा संशय कॅमेऱ्यावर जातो. दुरुस्तीला नेण्याआधी एक करा. तेच 'मेलेले' सेल भिंतीवरच्या घड्याळात घाला. घड्याळ मजेत चालेल, तेही कित्येक महिने. म्हणजे सेल संपलेच नव्हते. कॅमेऱ्याला हवा तितका करंट त्यांना एका दमात देता येत नव्हता, एवढंच.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: सेलची निवड. घड्याळाला एक मिलिअँपिअरही लागत नाही. कॅमेऱ्यात मात्र लेन्स बाहेर येताना किंवा फ्लॅश चार्ज होताना मागणी एक अँपिअरच्या घरात जाते, कधी त्याच्याही वर. अल्कलाइन सेलचा (पुन्हा चार्ज न होणारे नेहमीचे सेल) अंतर्गत रोध, म्हणजे आतून करंटला होणारा अडथळा, जास्त असतो आणि सेल वापरला जाईल तसा तो आणखी वाढतो. त्यामुळे लोड पडला की व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा 'बॅटरी संपली' म्हणून बंद होतो. पाकिटावरच्या 'हेवी ड्यूटी' या शब्दांना तर अजिबात भुलू नका. ते साधे झिंक-कार्बन सेल असतात आणि कॅमेऱ्यात अल्कलाइनच्या निम्मेही टिकत नाहीत.

उपाय म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल. त्यांच्यावर 1.2 व्होल्ट छापलेलं बघून लोक बिचकतात, पण रोध कमी असल्यामुळे लोडखाली ते आपलं व्होल्टेज शेवटपर्यंत धरून ठेवतात. जुन्या पद्धतीचे असे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बरेच उतरतात. सॅन्योने 2005 साली एनेलूप आणले, तेव्हापासून पडून राहिले तरी फारसे न उतरणारे सेल मिळू लागले. ते वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज टिकून राहतो. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' असं लिहिलेलं असतं, तेच घ्या. कॅमेरा अधूनमधून वापरणाऱ्याने 2700 एमएएचच्या (सेलची क्षमता मोजायचं एकक) आकड्यामागे धावण्यापेक्षा 1900-2000चे हे सेल घेणं केव्हाही शहाणपणाचं.

आता इथेच एक बारीक गोष्ट राहून जाते. पेन्सिल सेलच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेन्यूमध्ये 'बॅटरी टाइप' असा पर्याय असतो. तो अल्कलाइनवर राहिला, तर चांगले चार्ज झालेले रिचार्जेबल सेलही कॅमेऱ्याला अर्धे उतरलेले वाटतात. एकदा उघडून बघाच.

नव्या-जुन्या सेलची भेसळ करू नका. चारांतला एक कमकुवत असला तरी संच त्याच्याच दमाने चालतो. शिवाय तो पूर्ण उतरल्यावर बाकीचे तीन त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटतात आणि तो कायमचा जाऊ शकतो. मार्कर पेनने संचावर अ, ब अशी खूण करा. एका संचातले सेल एकत्रच चार्ज करा आणि एकत्रच वापरा. चार्जर शक्यतो प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. टायमरवर चालणारे स्वस्त चार्जर अर्धवट तरी भरतात किंवा सेल तापवून त्यांचं आयुष्य तरी कमी करतात. आणि अगदी कोऱ्या सेलवर लगेच नाराज होऊ नका, तीन-चार वेळा चार्ज होऊन वापरले गेले की ते पूर्ण क्षमतेवर येतात.

सेलच्या टोकांकडे आणि कप्प्यातल्या पट्ट्यांकडे उजेडात नीट बघा. बोटांचा तेलकटपणा आणि गंज यांचा पातळ, मळकट थर तिथे बसतो. एवढ्या थरानेही रोध वाढतो आणि परिणाम उतरलेल्या सेलसारखाच दिसतो. कोरड्या सुती कापडाने पुसा, नाही निघालं तर खोडरबरने हलकेच घासा, कण मात्र आत पडू देऊ नका. झाकणाच्या आतली पट्टी सगळे विसरतात, तीही पुसा. पांढरी खपली दिसली तर सेल गळलेला आहे. इअरबडवर जेमतेम थेंबभर व्हिनेगर घेऊन ती काढा आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नका.

पेन्सिल सेलऐवजी लिथियम-आयन पॅकवर (कॅमेऱ्यासोबत येणारी रिचार्जेबल बॅटरी) चालणाऱ्या कॅमेऱ्यांचं गणित वेगळं आहे. पॅक दर वेळी पूर्ण उतरवायची गरज नसते, उलट तसं केल्याने तो लवकर थकतो. बरेच दिवस वापर नसेल तर साधारण अर्धा चार्ज ठेवून थंड जागी ठेवा. पॅक फुगला असेल तर वापर तिथेच थांबवा.

खोक्यावरच्या फोटोसंख्येशी तुलना करतानाही जपून. हा आकडा सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या चाचणीतून येतो. तीत दर 30 सेकंदांना एक फोटो काढतात, फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात निम्मे फोटो फ्लॅशने. फोटो काढण्यापेक्षा स्क्रीनवर बघण्यात जास्त वेळ जात असेल, तर तो आकडा तुम्हाला गाठता येणार नाही.

एवढं करूनही बॅटरी उतरत असेल तर दोन रात्रींची चाचणी घ्या. पूर्ण चार्ज केलेला पॅक किंवा सेल पहिल्या रात्री बाहेर ठेवा, पुन्हा भरून दुसऱ्या रात्री बंद कॅमेऱ्यात ठेवा. बाहेर ठेवूनही उतरले तर दोष त्यांचाच. फक्त कॅमेऱ्यात उतरले तर आधी ब्लूटूथ आणि जीपीएस बंद करून बघा, काही कॅमेऱ्यांत स्विच बंद असतानाही ते जागे राहतात. तरीही फरक पडला नाही, तर मात्र कॅमेरा दुरुस्तीला न्या आणि दोन्ही रात्रींत काय झालं ते सांगा. कारागिराचा निम्मा शोध तिथेच संपतो.